मोठ्या दुकानाची बोली

अमेरिकी गुन्हेगारी जगाची जुनी बोली समजून घ्यायला निघालेला माणूस सहसा शब्दकोश उघडतो आणि चार पानांत कंटाळतो. एकाखाली एक शेकडो शब्द, समोर अर्थ, आणि डोक्यात काहीच राहत नाही. याचं कारण, ही धंद्याची बोली होती. रंधा, पटाशी, गुण्या ही नावं पाठ करून कुणाला सुतारकाम येत नाही. सुतार खुर्ची करत असताना शेजारी बसलं की हत्यारांची नावं आपोआप कळत जातात.

म्हणून आपण तसंच करू. एकच धंदा घेऊ, त्यातलं एकच काम घेऊ आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहू. धंदा ठकबाजीचा. काळ साधारण १९०० ते १९३०. आणि काम म्हणजे ज्याला हे लोक ‘बिग कॉन’ म्हणत ते: एखाद्या खात्यापित्या माणसाला काही दिवस खेळवायचं आणि त्याची पुंजी त्याच्याच हातांनी काढून घ्यायची.

आधी ‘कॉन’चा उलगडा करून टाकू. १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्पसन नावाचा एक इसम पकडला गेला. चांगले कपडे घालायचे, रस्त्यात अनोळखी माणसाशी जुनी ओळख असल्यासारखं बोलायचं आणि मग विचारायचं, तुमचं घड्याळ उद्यापर्यंत माझ्याकडे ठेवण्याइतका माझ्यावर विश्वास आहे का? लोक संकोचापोटी घड्याळ काढून देत. विश्वास म्हणजे ‘कॉन्फिडन्स’, म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ म्हटलं. पुढे त्याचं ‘कॉन मॅन’ झालं.

या मंडळींची बोली आपल्यापर्यंत नीट पोहोचली ती डेव्हिड मॉरर या भाषाशास्त्रज्ञामुळे. केंटकी राज्यातल्या लुइव्हिल विद्यापीठात तो शिकवायचा. सुरुवातीला त्याने उत्तर अटलांटिकमधल्या कोळ्यांच्या बोलीवर लिहिलं, मग तो गुन्हेगारांकडे वळला. ठकसेनांशी बोलून, त्यांचा विश्वास मिळवून त्याने १९४० साली ‘द बिग कॉन’ हे पुस्तक लिहिलं. शब्दांचे अर्थ सांगायचे तर अख्खा धंदाच उलगडून दाखवावा लागतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. आपल्या फेरफटक्याचा नकाशाही बराचसा त्याचाच आहे.

सुरुवातीलाच एक गल्लत होते. आपल्याला वाटतं, चोरांची बोली म्हणजे समोरच्याला कळू नये म्हणून वापरायची गुप्त भाषा. मॉररचं म्हणणं निराळं होतं आणि मला ते पटतं. बँकेच्या संचालकासमोर बसलेल्या ठकसेनाच्या तोंडून धंद्याचा एक शब्द जरी निसटला तरी खेळ तिथेच आटोपला. गिऱ्हाइकासमोर तो स्वच्छ, सभ्य इंग्रजी बोलायचा. बोली चालायची ती आपसात. कोण आपल्यातला, कोण नवखा आणि कोण नुसत्याच फुशारक्या मारतोय, हे तिच्यावरून ओळखू यायचं.

आता कामाला लागू. या लोकांच्या लेखी ठकबाजीचे दोन प्रकार होते, ‘शॉर्ट कॉन’ आणि ‘बिग कॉन’. शॉर्ट कॉनमध्ये माणसाच्या खिशात जेवढं आहे तेवढंच काढायचं. रस्त्यात ‘सोन्याची’ अंगठी सापडल्याचं नाटक करून ती शेजारून चाललेल्याला विकणं हा त्याचा जुना इंग्लिश नमुना. आयरिश भाषेतल्या अंगठीच्या शब्दावरून त्या अंगठीला ‘फॉनी’ म्हणत, आणि आज बनावट या अर्थाने सगळीकडे चालणारा ‘फोनी’ बहुधा त्याच्यावरूनच आला. आपल्याकडे एसटी स्टँडवर सोन्याचं बिस्किट ‘सापडलेला’ माणूस भेटतो, तो याच घराण्यातला.

बिग कॉनची नजर खिशावर नसे, बँकेतल्या पैशावर असे. त्यासाठी जागा लागते, माणसं लागतात, भांडवल लागतं. तेव्हा पहिली पायरी म्हणजे जागा.

त्या जागेचं नाव ‘बिग स्टोअर’, म्हणजे मोठं दुकान. मॉररच्या सांगण्याप्रमाणे ही कल्पना बेन मार्क्स या जुगाऱ्याची. वायोमिंगमधल्या शायेन गावात त्याने खरोखरीचं दुकान थाटलं. काचेत एक डॉलरच्या मानाने फारच चांगल्या वस्तू मांडलेल्या. लोक त्या पाहून आत शिरत आणि आत तीन पत्त्यांचा डाव मांडून बसलेल्यांच्या तावडीत सापडत. पुढच्या पिढीत दुकान राहिलं नाही, नाव तेवढं राहिलं. आता ‘स्टोअर’ म्हणजे भाड्याच्या खोल्यांत उभी केलेली शेअर दलालाची पेढी, किंवा घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याचा अड्डा.

असं दुकान जरा जवळून पाहण्यासारखं आहे. भिंतीवर मोठा फळा आणि खडूने भाव लिहिणारा माणूस. कोपऱ्यात तारयंत्राची टकटक. गजांच्या खिडकीमागे बसलेला कॅशियर. समोर दहा-वीस सुटाबुटातले गृहस्थ हजारांच्या गोष्टी करतायत, कुणी जिंकून पुडकी खिशात कोंबतोय, कुणी हरून चिरूट चावतोय. फळ्याजवळच्या माणसापासून चिरूटवाल्यापर्यंत सगळे पगारी. या भाडोत्री गिऱ्हाइकांना ‘शिल’ म्हणत. त्यांच्या हातातल्या पुडक्याला ‘बूडल’. वर आणि खाली मोठ्या किमतीची खरी नोट, मधे सगळी भरताड. तीच पुडकी खिडकीतून आत जात आणि मागच्या दाराने पुन्हा शिलच्या हातात येत. थोड्याशा खऱ्या पैशात लाखोंच्या उलाढालीचा देखावा उभा राही.

दुकानात तीन खेळ चालत आणि प्रत्येकाला नाव होतं. ‘वायर’ म्हणजे तार: तारखात्यातला माणूस फितवून शर्यतीचा निकाल अड्ड्यावर पोहोचण्याआधी मिळवायचा आणि जिंकलेल्या घोड्यावर पैसे लावायचे, अशी ती थाप. ‘रॅग’मध्ये हीच करामत शेअर बाजारात. आणि ‘पे-ऑफ’मध्ये एका बड्या जुगारी टोळीची आतली खबर हाताशी असल्याचा बहाणा. तिन्ही खेळांचा सांगाडा एकच आहे, त्यामुळे आपण पायऱ्या एकत्रच पाहू.

इथे जुन्या कादंबऱ्या वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. त्या काळातल्या मजकुरात ‘पूलरूम’ आलं की आपल्या डोळ्यांसमोर बिलियर्ड्सचं टेबल येतं. तेव्हा पूलरूम म्हणजे सामायिक पैजेवर पैसे लावण्याचा, मुख्यतः शर्यतींचा अड्डा. टेबलं तिथे वेळ घालवायला ठेवलेली असत आणि नंतर नाव त्यांनाच चिकटलं.

आता माणसं. दुकान चालवणारा आणि शेवटचा घाव घालणारा तो ‘इनसाइडमन’, आतला माणूस. वयाने पोक्त, बोलण्यात वजन, चेहऱ्यावर बँकेच्या अध्यक्षासारखा भाव. बाहेर फिरून गिऱ्हाईक हेरणारा तो ‘रोपर’. रोप म्हणजे दोर, गुराच्या गळ्यात टाकतात तो. रोपर आगगाड्यांतून आणि जहाजांतून हिंडत असे, आणि मिळकतीतला जवळपास निम्मा वाटा त्याचा. आता वाटेल, एवढा कशाला? पण दुकानात पाऊल टाकणारा माणूसच नसेल तर दुकानाचं करायचं काय?

आणि तिसरा, ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो ‘मार्क’. निशाणी केलेला, हेरलेला. आपण सावज म्हणू, बकरा म्हणू. त्याला आणखीही नावं होती: ‘एग’, ‘अ‍ॅपल’, आणि जरा गमतीचं म्हणजे ‘सॅव्हेज’, रानटी. शहरी सूट घालून पहिल्या वर्गाने प्रवास करणाऱ्या कारखानदाराला हे लोक आपसात रानटी म्हणत.

मार्क मूर्ख असतो असा समज आहे. तसं असतं तर त्याच्याजवळ पैसा कुठून आला असता? रोपरला हवा असे तो स्वतःच्या हिकमतीने वर आलेला, स्वतःच्या शहाणपणावर भरवसा असलेला आणि मुख्य म्हणजे थोडी आडवाट धरायला तयार असलेला माणूस. खेळाचा पायाच असा की मार्कला आपण दुसऱ्या कुणाला तरी फसवतोय असं वाटलं पाहिजे. तारखात्यातून निकाल आधी कळतोय म्हणजे अड्डेवाला बुडणार, हे त्याला स्वच्छ दिसत असतं. तरीही तो ‘नको’ म्हणत नाही. जो म्हणतो त्याला रोपर नम्रपणे सोडून देतो, कारण तो पुढे कामाचा नाही.

पुढच्या पायऱ्यांसाठी एक खरा मार्क सोबत घेऊ. टेक्सासमधला पशुपालक जेम्स फ्रँक नॉरफ्लीट १९१९ च्या नोव्हेंबरमध्ये व्यवहारासाठी डॅलस शहरात आला होता.

सावज हेरण्याच्या पायरीला ‘पुटिंग द मार्क अप’ म्हणत आणि ओळख वाढवून त्याला इनसाइडमनपर्यंत नेण्याला ‘रोपिंग’. नॉरफ्लीटला आधी भेटला तो जनावरांचा व्यापारी असल्याचं सांगणारा एक जण. त्याने गाठ घालून दिली दुसऱ्याशी. याचं नाव स्पेन्सर, आणि हा म्हणे जमिनी विकत घेणाऱ्या कंपनीचा माणूस. नॉरफ्लीटला जमीन विकायचीच होती. चांगला रोपर कधी काही विकायला येत नाही, तो आपल्याकडचंच काहीतरी घ्यायला येतो. इथे खेळ फसतो तो घाईमुळे. रोपरने पहिल्याच दिवशी पैशाचा विषय काढला तर मार्क बिचकतो. त्या बिचकण्याला शब्द होता ‘रम्बल’.

पुढची पायरी ‘टेलिंग द टेल’, म्हणजे गोष्ट सांगणं. ती गोष्ट बहुतेकदा एका पाकिटापासून सुरू होई. पाकिटाला शब्द ‘पोक’. नॉरफ्लीट आणि स्पेन्सर यांना हॉटेलच्या बैठकीतल्या खुर्चीत एक पाकीट सापडलं. आत रोख रक्कम आणि मालक म्हणजे मोठी असामी असल्याचं दाखवणारे कागद. दोघांनी मालकाला शोधून पाकीट परत केलं. मालकाचं नाव स्टेटसन. हा अर्थातच इनसाइडमन आणि त्याचं खरं नाव जो फ्युरी.

या पाकिटाची करामत अशी की मार्क खेळात शिरतो तो प्रामाणिकपणाच्या दारातून. त्याने सापडलेले पैसे परत केलेत, तो स्वतःवर खूश आहे, आणि समोरचा बडा माणूस त्याचा ऋणी आहे. या घडीला त्याच्या मनात संशय यायला जागाच नसते.

स्टेटसनने बक्षीस देऊ केलं, नॉरफ्लीटने ते नाकारलं. मग स्टेटसन म्हणाला, बरं, निदान तुमच्या वाटचे पैसे मी बाजारात लावून पाहतो. थोड्याच वेळात तो कित्येक पट रक्कम घेऊन आला आणि त्याने ती नॉरफ्लीटच्या हातावर ठेवली. खऱ्या नोटा. ही पायरी म्हणजे ‘कन्व्हिन्सर’, खात्री पटवणारी रक्कम. ठकसेन तिच्याकडे खर्च म्हणून पाहत, जसा दुकानदार नमुन्याच्या पुडीकडे पाहतो.

हाच प्रकार आज आपल्या ओळखीचा झालाय. व्हॉट्सअ‍ॅपच्या एखाद्या ग्रुपवर शेअरच्या ‘खात्रीच्या’ टिप्स येतात, एका अ‍ॅपमध्ये आपण दहा हजार टाकतो, स्क्रीनवर तेरा दिसतात आणि मागितले तर दोन-तीन हजार खरोखर खात्यात येतात. ग्रुपमधले बाकीचे लोक रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकत असतात. ते शिल, मोबाइलमधलं अ‍ॅप म्हणजे फळा, आणि खात्यात आलेले दोन-तीन हजार हा कन्व्हिन्सर. ‘पण मला पैसे मिळाले होते हो’ असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. ते मिळणं हा खेळाचाच भाग होता, एवढंच त्याला ठाऊक नसतं.

कन्व्हिन्सरनंतरही मार्क डळमळत असेल तर एक खास चाल होती, ‘शट-आउट’. मार्क मोठी रक्कम लावायला खिडकीकडे निघतो. त्याच्या पुढे एक शिल उभा, तो सावकाश नोटा मोजतोय. मार्कची पाळी येते तेवढ्यात घोषणा होते, शर्यत सुरू झाली, खिडकी बंद. आणि मार्क ज्यावर पैसे लावणार होता तोच घोडा जिंकतो. न लावलेल्या पैशाची हळहळ जिंकलेल्या पैशाच्या आनंदापेक्षा जबर असते, आणि हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं.

मग ‘ब्रेकडाउन’. आज या शब्दाने गाडी बंद पडते, तेव्हा या धंद्यात त्याचा अर्थ होता मार्कजवळ नेमकं किती आहे आणि त्यातलं किती चटकन रोख होईल याचा हिशेब काढणं. हे चौकशी करून होत नाही. इनसाइडमन आपल्याच गुंतवणुकीच्या अडचणी बोलून दाखवतो आणि मार्क आपणहून आपल्या सांगू लागतो: एवढ्याचे रोखे, एवढी ठेव, जमिनीवर एवढं कर्ज मिळेल.

पुढे मुख्य डाव. स्टेटसनच्या सल्ल्याने नॉरफ्लीट आणि स्पेन्सर यांच्या नावावर उधारीवर मोठा सौदा झाला आणि त्यात हजारो डॉलर्सचा फायदा झाला. कॅशियर पैसे मोजायला घेणार इतक्यात बाजाराचा सचिव पुढे आला. अत्यंत सौजन्याने म्हणाला, आपण सभासद नाही, तेव्हा सौदा उलटला असता तर आपण रक्कम भरू शकला असता याची खात्री आम्हाला हवी. तेवढी रोकड आणून नुसती दाखवा आणि जिंकलेले पैसे घेऊन जा.

मार्कच्या लेखी ते पैसे आता त्याचेच असतात. मधे फक्त एक कागदोपत्री अडसर. म्हणून तो रोकड आणायला घरी जातो. या जाण्याला म्हणत ‘सेंड’, आणि शॉर्ट कॉनला बिग कॉनपासून वेगळं करणारी खरी रेघ हीच. नॉरफ्लीट घरी गेला आणि वीस हजार डॉलर घेऊन आला.

बाहेरच्या माणसाला हे सगळ्यात अविश्वसनीय वाटतं. मार्क शेकडो मैल दूर जातो, बायकोला भेटतो, स्वतःच्या बँकेत उभा राहतो आणि परत येतो! ठकसेनांनाही ही सर्वांत धोक्याची पायरी वाटे. कधी ते त्याच्या मागावर गुपचूप एक माणूस ठेवत. गावाकडचा बँकर शहाणा असला तर विचारायचा, एवढी रोकड कशाला हवी? मार्कला कुणी असं भानावर आणलं की त्याला हे लोक ‘नॉक’ म्हणत. पण त्याआधीच इनसाइडमनने मार्कला बजावलेलं असे की खबर फुटली तर भाव पडेल, तेव्हा कुणाला अक्षरही बोलू नका. आणि मार्क बोलत नसे, कारण आपण जे करतोय ते सरळ नाही हे त्यालाही कळत होतं.

आता ‘टच’, पैसे काढून घेण्याचा क्षण. रोकड आली, दाखवली, आणि जिंकलेले पैसे हाती पडण्याआधी शेवटचा एकच सौदा ठरला. इथे चूक होते आणि ती मुद्दाम रोपरकडून होते. ‘रॅग’मध्ये विकायचं त्याऐवजी तो घेऊन बसतो. ‘वायर’मध्ये याहून सुबक युक्ती होती. तारखात्यातला माणूस फोनवर सांगतो, अमक्या घोड्यावर ‘प्लेस’ करा. मार्क समजतो, पैसे ‘लावा’. पण अमेरिकी शर्यतींत ‘प्लेस’ म्हणजे घोडा पहिला किंवा दुसरा येईल यावर लावलेला पैसा. मार्कने सगळी रक्कम पहिल्या क्रमांकावर लावलेली आणि घोडा येतो दुसरा. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जाणाऱ्यांनी इथे फरक लक्षात ठेवावा: आपल्याकडे प्लेसमध्ये बहुतेक शर्यतींत तिसरा क्रमांकही धरतात, अमेरिकेत त्याच्यासाठी वेगळा शब्द आहे, ‘शो’.

नॉरफ्लीटचे वीस हजार असेच गेले. त्यानंतर ते भरून काढण्यासाठी फोर्ट वर्थ शहरात आणखी पंचवीस. एकूण पंचेचाळीस हजार डॉलर, १९१९ सालचे.

पैसे घेतले की काम संपलं, असं आपल्याला वाटतं. ठकसेनाच्या दृष्टीने खरं कौशल्य इथून पुढे. मार्कला आता दूर घालवायचं आणि तेही त्याने गडबड न करता. या पायरीला ‘ब्लो-ऑफ’ म्हणत. सौम्य प्रकारात इनसाइडमन रोपरवर भडकतो, त्याला शिव्या घालतो, आणि मार्कला बाजूला घेऊन सांगतो की तुमचे पैसे मी भरून काढतो, तुम्ही अमक्या शहरात अमक्या हॉटेलात माझी वाट बघा. तिथे तारा येत राहतात: दोन दिवस थांबा, आणखी दोन दिवस थांबा.

जहाल प्रकाराचं नाव ‘कॅकल-ब्लॅडर’. कोंबडीच्या रक्ताने भरलेली छोटी पिशवी इनसाइडमनच्या तोंडात असते. पैसे बुडाल्यावर रोपर संतापाचा आव आणून पिस्तूल काढतो आणि झाडतो, गोळी अर्थात फुसकी. इनसाइडमन पिशवी चावतो, रक्ताची चिळकांडी मार्कच्या शर्टावर उडते आणि तो जमिनीवर कोसळतो. आता मार्क स्वतःच्या समजुतीप्रमाणे एका खुनाचा साक्षीदार, कदाचित भागीदार. रोपर त्याला पाठीमागच्या दाराने बाहेर काढतो आणि दोघे पहिल्या गाडीने शहर सोडतात. पैशाचं नावही मार्क काढत नाही.

सगळ्यात अवघड काम मात्र ‘कूलिंग द मार्क आउट’, मार्कला थंड करणं. कुणीतरी त्याच्याजवळ बसतं, त्याचं ऐकून घेतं, झालं ते कुणाच्याही बाबतीत झालं असतं असं त्याला वाटू देतं. समाजशास्त्रज्ञ एर्व्हिंग गॉफमन याने १९५२ साली याच शब्दांवरून एक निबंध लिहिला. नोकरी गेलेला, प्रेमात नाकारला गेलेला, बढती हुकलेला अशा प्रत्येक माणसाला समाज कसा ‘थंड’ करतो, याचा तो विचार होता. गुन्हेगारांच्या बोलीतला शब्द थेट विद्यापीठात जाऊन बसल्याची उदाहरणं थोडी, आणि त्यांतलं हे मला सर्वांत नेमकं वाटतं.

तरीही काही मार्क थंड होत नसत. तक्रारीला शब्द होता ‘बीफ’, आणि पाठलाग करत परत येणाऱ्या मार्कला ‘कम-थ्रू’. नॉरफ्लीट तसा निघाला. पोलिसांवर विसंबून न राहता तो स्वतः त्या टोळीच्या मागे लागला, देशभर हिंडला आणि एकेकाला पकडून देत गेला. जो फ्युरीला त्याने फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये गाठलं.

अशा बीफची सोय म्हणून शेवटची पायरी, ‘फिक्स’. क्रमाने ती शेवटी येते, पण खरं तर दुकानाचं कुलूप उघडण्याआधीच ती झालेली असावी लागते. फिक्स म्हणजे पोलीस, वकील, न्यायाधीश यांच्याशी लावून ठेवलेलं संधान, आणि ते लावणारा ‘फिक्सर’. इथे बोलीची नैतिकता उघडी पडते. लाच घेणारा पोलीस हा ‘राइट’, बरोबर माणूस. जो घेत नाही तो ‘राँग’. ज्या शहरात सगळं जमवलेलं आहे ते ‘राइट टाउन’. जुन्या जबान्या आणि आठवणी वाचताना हे उलटं लक्षात ठेवलं नाही तर वाक्याचा अर्थच फिरतो. अमुक अधिकारी ‘राइट’ होता हे वाचून आपण त्याला सज्जन समजून बसतो.

कोलोराडोतलं डेन्व्हर हे असंच राइट टाउन. तिथला फिक्सर लू ब्लाँगर. त्याचा एक दंडक होता: डेन्व्हरच्या रहिवाशाला हात लावायचा नाही, गंडवायचं ते बाहेरून आलेल्यांनाच. स्थानिक मतदार चिडला नाही की स्थानिक पुढारीही शांत. बाहेरगावचा मार्क तक्रार घेऊन आला तर पोलीस त्याचं ऐकून घेत आणि गाडीची वेळ सांगत.

१९२० साली फिलिप व्हॅन साइज हा तिथे जिल्हा सरकारी वकील म्हणून निवडून आला, आणि तो राँग निघाला. त्याने सरकारी पैशाऐवजी काही नागरिकांकडून गुप्तपणे निधी जमवला आणि ब्लाँगरच्या कचेरीत बोलणं ऐकण्याचं यंत्र बसवलं. नॉरफ्लीटही वेश पालटून डेन्व्हरला पोहोचला होता, आणि टोळीने त्यालाच पुन्हा मार्क समजून खेळवायला घेतलं. २४ ऑगस्ट १९२२ रोजी धरपकड झाली. पकडलेल्यांना तुरुंगात नेलं असतं तर शहर पोलिसांकडून बातमी फुटून बाकीचे पसार झाले असते, म्हणून व्हॅन साइजने त्यांना दिवसभर एका चर्चच्या तळघरात डांबलं. १९२३ मध्ये ब्लाँगरसह वीस जणांवर गुन्हा शाबीत झाला. पुढच्याच वर्षी ब्लाँगर तुरुंगात वारला.

इथपर्यंत आलात म्हणजे काम कळलं आणि पस्तीस-चाळीस शब्दही सोबत आले. यापुढे स्वतः वाचायला घेणार असाल तर काही खाचखळगे आधीच सांगून ठेवतो.

एकच शब्द दोन धंद्यांत दोन अर्थांनी येतो. मॉररने १९५५ साली खिसेकापूंच्या बोलीवर ‘व्हिझ मॉब’ हे पुस्तक लिहिलं. त्यांच्या टोळीत ‘वायर’ म्हणजे प्रत्यक्ष खिशात हात घालणारा माणूस, आणि सावजाला धक्का देऊन अडवणारा तो ‘स्टॉल’. तारखात्याशी त्या वायरचा काही संबंध नाही. म्हणून शब्द भेटला की आधी बोलणाऱ्याचा धंदा पाहावा.

जुन्या शब्दकोशांवर डोळे झाकून विसंबू नये. न्यूयॉर्कच्या पोलीस दलाचा पहिला प्रमुख जॉर्ज मॅटसेल याने १८५९ साली चोरांच्या बोलीचा कोश छापला, ‘व्होकॅब्युलम’. कोश वाचायला मजेदार आहे, पण त्यातला बराच मजकूर लंडनच्या जुन्या कोशांतून उचललेला. त्यामुळे त्यात एखादा शब्द सापडला म्हणून तो न्यूयॉर्कच्या गल्लीत बोलला जात होता असं ठरत नाही.

व्युत्पत्तीच्या चटकदार गोष्टी तर हमखास खोट्या निघतात. पोलिसाला ‘कॉप’ का म्हणतात, तर कुठल्यातरी तीन शब्दांची आद्याक्षरं, असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं. खरं कारण अगदी साधं आहे: इंग्रजी बोलीत ‘कॉप’ म्हणजे पकडणं, पकडणारा तो ‘कॉपर’, आणि त्याचं तोकडं रूप ‘कॉप’. आद्याक्षरांची गोष्ट कानावर आली की ती बाजूला ठेवावी.

मराठी वाचकाला खास नडणारा शब्द म्हणजे ‘थग’. तो आपल्याच ‘ठग’वरून इंग्रजीत गेला. ब्रिटिश अधिकारी स्लीमन याने ठगांच्या बोलीचा संग्रह ‘रामासीआना’ या नावाने १८३६ साली कलकत्त्यात छापला, त्या सुमारास तो इंग्रजी वाचकांच्या चांगला परिचयाचा झाला. मात्र अमेरिकेत पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ हाणामारी करणारा दांडगा गुंड एवढाच उरला. आपण ठग म्हणतो तो त्यांचा कॉन मॅन. आणि कॉन मॅनला कुणी थग म्हटलेलं मुळीच खपत नसे. अंगाला हात लावून पैसे काढणं त्याला हलकं वाटे.

शेवटी चित्रपट. या बोलीशी बहुतेकांची ओळख ‘द स्टिंग’मुळे होते. १९७३ सालच्या या चित्रपटाला सात ऑस्कर मिळाले. त्यातला मुख्य डाव ‘वायर’चा आहे, प्लेसची चूक आहे, तोंडातलं रक्त आहे, आणि मधूनमधून येणाऱ्या शीर्षकाच्या पाट्यांमध्ये ‘द टेल’, ‘द वायर’, ‘द शट आउट’ हे आपले शब्दही आहेत. फरक एवढाच की तिथला मार्क स्वतः गुन्हेगार टोळीचा म्होरक्या आहे, त्यामुळे आपल्याला त्याची कीव करावी लागत नाही. खऱ्या दुकानात यायचे ते नॉरफ्लीटसारखे लोक. चित्रपटातल्या इनसाइडमनचं आडनाव गोंडॉर्फ. मॉररच्या पुस्तकात त्या नावाचे दोन भाऊ आहेत, न्यूयॉर्कमध्ये खरोखर वायरची दुकानं चालवणारे. आपलं पुस्तक न विचारता वापरलं म्हणून मॉररने एक कोटी डॉलर्सचा दावा लावला आणि १९७६ साली तो कोर्टाबाहेर मिटला.